"आधी एम-थ्री काढ, मग बोलू" : ही अट आहे का टाळाटाळ?

मागचा_बाक:
नमस्कार मंडळी. बरेच महिने रोमात (म्हणजे नुसताच वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. नावं, कॉलेज वगैरे मुद्दाम देत नाहीये कारण नाशिक केवढंसं आहे तुम्हाला माहितीये, कॅनडा कॉर्नरला कोणाबरोबर उभं राहिलं तर घरी पोचायच्या आत आईला फोन गेलेला असतो.

तर मी मेकॅनिकल सेकंड इयर. म्हणजे कागदावर. वायडी (इयर डाउन) बसून वर्ष घरी काढलं, आता परत बसतोय, थर्मो निघाला पण एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अजून लटकलेलाच आहे. पप्पा अंबडला कंपनीत, शिफ्टवरून आले की एकच प्रश्न, "रिझल्ट?" वायडीच्या वर्षात मी दुपारी बारापर्यंत झोपायला लागलो म्हणून आईने सकाळी भोसलाच्या ग्राउंडवर हाकलायला सुरुवात केली, की बाबा चाल तरी. तिथे ही पळायची, जिच्यासाठी हा धागा काढलाय ती. पाच हजार मीटर. हौसेने नाही, युनिव्हर्सिटीच्या टीममधून, अश्वमेध, वेस्ट झोन अशा विद्यापीठांच्या स्पर्धा सगळ्या खेळलीये, बीएला आहे दुसऱ्या कॉलेजात, त्यांच्या गेटवर तिचा फ्लेक्स लागला होता. गाव हरसूलच्या पुढे, इथे हॉस्टेलला राहते.

एकदा त्यांच्या सरांकडे दुसरं स्टॉपवॉच धरायला कोणी नव्हतं, मी आपला शेजारून चालत होतो तर सर म्हणाले ए इंजिनिअर, इकडे ये, लॅप घे. तेव्हापासून घेतोय. माझ्या असाइनमेंटच्या वहीची मागची सगळी पानं तिच्या सेकंदांनी भरलीत. पाच हजारला साडेबारा लॅप, ती ८० च्या आसपास लावते, म्हणजे १६:४० च्या घरात. डिसेंबरात सकाळी बोटं इतकी गारठतात की बटण दाबलं गेलं का नाही तेच कळत नाही, ती मात्र लाल मातीतून वाफ सोडत येते आणि न थांबता फक्त "किती?" विचारते. ८१ सांगितलं की तोंड वाकडं. पोरं मला 'बाटली' म्हणतात कारण तिची पाण्याची बाटली, चप्पल आणि जॅकेट माझ्याकडे असतं. मला चालतं.

आता मुद्दा. तिला बंगळुरूच्या सेंटरला ट्रेनिंगसाठी बोलावणं आलंय, दोनेक महिन्यांत जाईल. मी मागच्या आठवड्यात सोमेश्वर मंदिराजवळ तिला एकदाचं मनातलं बोलून टाकलं. ती हसली नाही, रागावली नाही, उसाचा रस संपवला आणि म्हणाली, "आधी एम-थ्री काढ, मग बोलू." आणि हॉस्टेलचं गेट बंद होईल म्हणून निघून गेली.

तर जाणकारांनो, ही अट आहे, का सभ्य शब्दात टाळलंय? आणि मी तिच्या वाटेत येतोय का? खरं सांगा, शिव्या दिल्या तरी चालेल.

गोदाकाठी:
धागा शंभरी गाठणार. चिवडा घेऊन बसलोय.

सातपूरकर:
काय भो, सरळ आहे ना. पोरींना तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून त्या अभ्यासाचं नाव घेतात. आमच्या वेळी "आधी करिअर" म्हणायच्या, आता पेपरचा कोड सांगतात एवढाच फरक. सोडून दे आणि पुढे चल.

शांताबाई_इंदिरानगर:
बाळा, शिव्या देत नाही पण स्पष्ट बोलते. त्या पोरीने कुठून कुठवर मजल मारली असेल याचा विचार कर. सावरपाड्याची कविता राऊत याच भागातली, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले होते. अशा पोरींच्या आयुष्यात विशीत हे प्रेमबिम आलं की घरचे आधी पळणं बंद करतात, मग शिक्षण. तू बाजूला हो. तुझं प्रेम खरं असेल तर थांबेल की चार वर्षं.

पेठरोड_७७:
शांताताईंशी सहमत. तिकडच्या मुली साध्याभोळ्या असतात, शहरातला मुलगा गोड बोलला की भुलतात. घरी कळलं तर लगेच लग्न लावून देतील.

नागलीची_भाकर:
पेठरोड, मी 'तिकडची'च आहे. पेठ तालुका. साध्याभोळ्या म्हणजे काय ते जरा सांगता का? पोरगी गाव सोडून हॉस्टेलला राहते, एकटी ट्रेनने दुसऱ्या राज्यात मीटला जाते, आणि एवढं सगळं होऊन समोरच्याला "पेपर काढ" असं तोंडावर सांगते. भुललेली मला तरी धाग्यात फक्त एकच व्यक्ती दिसतेय आणि ती इंजिनिअरिंगला आहे.

माझ्या घरी मी नोकरीला लागेपर्यंत लग्नाचा विषय कोणी काढला नाही. सिडकोतल्या माझ्या मैत्रिणीचं मात्र टीवायला असतानाच उरकलं. तेव्हा हे तिकडचं-इकडचं जरा बाजूला ठेवा.

गोदाकाठी:
मागचा_बाक जळाला, धूर इंदिरानगरपर्यंत दिसतोय.

स्पाइक्स_काढून_ठेवले:
आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी पंधराशे पळायचे, युनिव्हर्सिटीला मेडल आहे, पुढे नाही गेले, आता सरकारी खात्यात आहे, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून लागले. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

पहिली गोष्ट, धाग्यात सगळे तिला स्टार म्हणून बोलताय. कॉलेजच्या फ्लेक्सवर ती स्टार आहे, मान्य. १६:४० हे युनिव्हर्सिटी लेव्हलला चांगलंच टायमिंग आहे. पण भारताच्या पारुल चौधरीने २०२३ ला पाच हजार मीटर १५ मिनिटं १० सेकंदांत मारलंय. म्हणजे लॅपला साधारण ७३. ही ८० ला. दर लॅपला सात सेकंद, साडेबारा वेळा. बंगळुरूला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळणार आहे की आपण इथे मागच्या ग्रुपमध्ये आहोत. फ्लेक्स नाही, सरांचं कौतुक नाही, बाजूच्या लेनमधली पोरगी सोळाच्या आत पळून वर गप्पा मारतेय. मी असल्या एका कॅम्पला गेले होते, पहिल्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडले. म्हणजे धागाकर्त्या, तू एम-थ्रीला जिथे बसलायस तिथेच ती जाऊन बसणार आहे. फरक एवढाच की तिला नापास व्हायची सवय आहे. अ‍ॅथलीट वर्षातून पंधरा वेळा हरतो, दोनदा जिंकतो, आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला परत ग्राउंडवर असतो. तू एका पेपरला हरलास आणि वर्षभर बारापर्यंत झोपलास. तिने ते बघितलंय. मला वाटतं ती तेच विचारतेय.

दुसरं, शांताबाई, तुमचा हेतू चांगला आहे पण प्रेमाने करिअर बुडतं हे मी फार कमी बघितलं. माझ्या बॅचच्या पोरी कशाने थांबल्या सांगू? हिमोग्लोबिन. माझं ९ ला आलं होतं आणि मला वाटायचं मी आळशी झालेय, लांब पळणाऱ्या पोरी, त्यात पाळी, त्यात हॉस्टेलच्या मेसचं पाणचट वरण, लोह कुठून येणार, आणि तपासायला कोणी सांगत नाही. एकीची नडगी दुखत होती, ती दुखतच पळाली, शेवटी स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. दोघी पोलीस भरतीत गेल्या, तिथे पोरींना जास्तीत जास्त ८०० मीटरच पळायचं असतं, त्यांना ते झोपेत जमायचं, लागल्या आणि सुटल्या, घरात पैसा हवा होता. बॉयफ्रेंडमुळे गेलेली एकही आठवत नाही. बॉयफ्रेंडचा त्रास एवढाच की रात्री अकराला मेसेज करून "बोल ना" करतात. नऊला झोपली नाही तर सकाळचे इंटरव्हल गेलेच समजा. तेवढं पाळ, बाकी तू कोणाच्या वाटेत बितेत येत नाहीस, लॅप नीट घे म्हणजे झालं.

आणि तिचं जॅकेट धरतोस म्हणून हसणारी पोरं मरूदेत. कूल डाउन व्हायच्या आत घामेजलेल्या अंगाला डिसेंबरातलं वारं लागलं की काय होतं ते त्यांना माहिती नाही.

शांताबाई_इंदिरानगर:
स्पाइक्स, लोहाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण घरच्यांचं काय? ते तर विचारणारच.

नागलीची_भाकर:
विचारतील तेव्हा ती सांगेल काय ते. आत्ता तिच्या घरचे "बंगळुरूला जेवण कसलं मिळतं" या काळजीत असतील, आमच्याकडे तरी तेच असतं, भात आणि नागली सोडून पोरगी काय खाणार.

सातपूरकर:
एवढं मोठं लिहिलं पण मूळ प्रश्न राहिलाच. अट का टाळाटाळ? मी अजून टाळाटाळवरच आहे. पेपर निघाला तर म्हणेल डिग्री काढ, डिग्री काढली तर म्हणेल नोकरी.

ओझर_मिग:
माझ्या बायकोने मला सीएच्या ग्रुपवर लटकवलं होतं. ग्रुप निघाला नाही, लग्न झालं. तेव्हा सातपूरकर, शास्त्र असं नसतं.

कर्ल_डाइव्हर्जन्स:
मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो, कुठल्या ते विचारू नका. प्रेमावर माझा पास. एम-थ्रीवर बोलतो.

धागाकर्ता, तू २०१९ पॅटर्नचा असशील तर इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० ची पहिल्या दोन युनिटवर आणि एंडसेम ७० ची उरलेल्या चारवर. पासिंग ४०. नापास होणारी पोरं दोन प्रकारची, एक ज्यांना खरंच काही येत नाही, आणि दुसरी जी युनिट एकपासून वाचायला बसतात, डिफरन्शियल इक्वेशनमध्ये अडकतात आणि पुढे जातच नाहीत. तू दुसरा वाटतोस. एंडसेमला बसताना सुरुवात स्टॅटिस्टिक्सने कर, तिथे नुसतं कॅल्क्युलेटर आणि टेबल आहे. त्यात दरवर्षी एक घासून गुळगुळीत झालेला प्रश्न असतो, दोन बॅट्समनच्या धावा देतात आणि विचारतात जास्त कन्सिस्टंट कोण.

तू वहीची मागची पानं भरलीत म्हणतोस ना, तिच्या कुठल्याही दोन दिवसांचे पाच-पाच लॅप इथे टाक बघू.

मागचा_बाक:
सगळ्यांचे आभार, स्पाइक्सताई तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला, बारापर्यंत झोपायचं तेवढं लागलं पण ठीके.

सर, हे घ्या. पहिला दिवस एकटी पळाली: ७८, ८०, ८२, ८१, ७९. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक पोरगी आली होती, ती सुरुवातीलाच सुसाट सुटली आणि ही तिच्या मागे गेली: ७६, ७९, ८२, ८२, ८१.

कर्ल_डाइव्हर्जन्स:
वा, यापेक्षा चांगलं उदाहरण मला क्लासमध्येही मिळालं नसतं. दोन्हींची बेरीज ४००, सरासरी दोन्हीकडे ८०. म्हणजे नुसती सरासरी बघणाऱ्याला दोन दिवस सारखेच वाटतील.

आता सरासरीपासूनचा फरक काढ. पहिला दिवस: -२, ०, २, १, -१. वर्ग करून बेरीज १०, भागिले ५ म्हणजे २, वर्गमूळ १.४१, हेच स्टँडर्ड डेव्हिएशन. दुसरा दिवस: -४, -१, २, २, १. वर्गांची बेरीज २६, भागिले ५ म्हणजे ५.२, वर्गमूळ २.२८. कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन म्हणजे हेच भागिले सरासरी गुणिले शंभर. पहिला १.७७ टक्के, दुसरा २.८५. ज्याचा कमी तो कन्सिस्टंट. झालं, हा प्रश्न तुझा, परीक्षेत धावांच्या जागी लॅप समज.

स्पाइक्स_काढून_ठेवले:
सर मी गणितात काठावर पास झालेली बाई आहे पण हे कळलं! आणि दुसऱ्या दिवशीचे आकडे बघून पोटात गोळा आला, पहिला लॅप ७६ मारला की पुढे पाय दगडासारखे होतात, माझं कायम हेच व्हायचं, कोणी सुटलं की मागे जायचं. हे तिच्या सरांना दाखव रे बाक. सेकंद त्यांच्याकडेही असतील पण असं मांडून कोणी देत नाही.

गोदाकाठी:
प्रेमाच्या धाग्यावर स्टँडर्ड डेव्हिएशन. चिवडा संपला, कोणीतरी मिसळ मागवा. आणि लिंक रोडची चुलीवरची का गावातली यावर इथे वाद घालू नका, त्याला वेगळा धागा आहे.

सातपूरकर:
चुलीवरची. संपला विषय.

पेठरोड_७७:
माझ्या प्रतिसादाने कोणी दुखावलं असेल तर तसा हेतू नव्हता. मुलींनी पुढे जावं असंच मला वाटतं. बोटीवाल्या दत्तू भोकनळचंही मला कौतुक आहे, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्यासाठी टँकर बघणाऱ्या भागातला पोरगा रोइंग करत २०१६ ला रिओला पोचला. आमच्या भागाने खेळाडू दिलेत एवढंच.

नागलीची_भाकर:
हेतू नव्हता ठीके. दत्तू २०१८ ला जकार्ता एशियाडला सांघिक गोल्डही घेऊन आलाय, तेही लिहीत चला.

मागचा_बाक:
अपडेट देतोय.

काल सकाळी सरांना कागद दाखवला, म्हणजे कर्ल सरांनी केलं तसंच मी बाकीच्या दिवसांचं काढलं, रात्री बसून, एक्सेल न वापरता हाताने. ग्राउंडवरचे सर काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात घातला आणि तिला म्हणाले आज पहिले चार लॅप ८१ च्या आत आलीस तर जेवण नाही. बस. ती माझ्याकडे अशी बघत होती की कागद कोणाचा ते तिला कळलं.

नंतर बाहेर टपरीवर चहाला थांबलो. मी सरळ विचारलं, तू परवा म्हणालीस ते नाही म्हणायचं होतं का? तर ती म्हणे, "नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाले असते, तुला काय घाबरते का?" मग जे बोलली ते जसं आठवतंय तसं लिहितो. तिचा इंग्रजीचा पेपर गेल्या वर्षी मीटमुळे बुडाला होता, परत बसून तिने तो काढला, बसमध्ये गाइड वाचून, हे मला माहितीच नव्हतं, कधी बोललीच नाही. आणि म्हणाली, तिकडे रात्री फोनला जेमतेम अर्धा तास मिळणार, त्यात आईला फोन, सरांना फोन, उरलेल्या दहा मिनिटांत तू मला "पेपर राहिला, पप्पा बोलले, झोप येत नाही" सांगणार असशील तर मला नको, माझंच तिकडे काय होईल मला माहिती नाही. पास झालास तर दहा मिनिटं तरी बरी जातील. नापास झालास तरी फोन कर, पण परत फॉर्म भरून झाल्यावर कर.

मी विचारलं म्हणजे हो का? म्हणाली, "चहाचे पैसे दे, मला मेस चुकेल."

सातपूरकर:
हे हो आहे भावा. मी माझं मत मागे घेतो. टाळाटाळ करणारी पोरगी फॉर्म भरायचं बोलत नाही.

ओझर_मिग:
चहाचे पैसे दे म्हणाली म्हणजे संसार सुरू.

शांताबाई_इंदिरानगर:
पोरगी शहाणी आहे. मी म्हटलं होतं बाजूला हो, तर आता म्हणते नीट वाग. बंगळुरूला जाताना घरचा डिंकाचा लाडू पाठवायचा असेल तर मला सांग, मी करून देईन, अळीव घालून. लोहाचं ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

स्पाइक्स_काढून_ठेवले:
शांताबाई, तुम्ही लाडू द्याच. बाक, तिला जायच्या आधी रक्त तपासून घ्यायला सांग, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) दोन्ही, नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. तू सांगितलंस तर ऐकणार नाही कदाचित, सरांना मधे घाल. आणि तिकडे पहिले पंधरा दिवस तिचा आवाज पडलेला असेल, "काय झालं, माझं काही चुकलं का" असं विचारत बसू नकोस. लॅप किती आले तेवढं विचार.

गोदाकाठी:
शंभरी नाही गाठली पण धागा वसूल.

मागचा_बाक:
शांताकाकू, लाडूचं तिला विचारून सांगतो, पण ती हो म्हणेल, गोडाला नाही म्हणत नाही. स्पाइक्सताई, सरांशी उद्याच बोलतो.

कर्ल सर, एक शंका. स्टॅट झालं, प्रोबॅबिलिटी निम्मी झाली, पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन) बघून घेईन. युनिट पाच, व्हेक्टर, ते पूर्ण सोडलं तर चालेल का?

कर्ल_डाइव्हर्जन्स:
नाही. माझा आयडी वाच, कर्ल आणि डाइव्हर्जन्स दोन्ही व्हेक्टरमधलेच. रविवारी संध्याकाळी ग्रेडियंट आणि डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचे प्रश्न इथेच टाकतो, आधीच्या पेपरांतले. सोडवून वहीचा फोटो टाक, आणि पुढच्या पानांवर सोडव, मागची राहूदेत.